राजकुमारच्या बोटातली आंगठी

...आन् पुस्तक लिहिनाऱ्याचं काय जाते हो? त्यानं लिहून टाकलं आन् गेला आपल्या घरी जेवाले, निस्तराव कोनी, आमी! तुमाले सांगतो, दोन ओळी हायेत फक्त. पयली ओळ, ज्याच्या बोटात ही जादूची आंगठी, त्याले मरन नाही. आन् तिच्या खालीच दुसरी ओळ, मालक मेला का आंगठी त्याच्या सोबत्याले जाते. आता ज्याले मरनच नाही तो मरते कसा? आन् तो मरत नाही तं आंगठी जाते कशी? मले सांगा, याचा अर्थ काय लावाचा?

थांबा, तुमाले खेळच मालूम नसन. नांदुऱ्यात माहं बी-बियान्याचं दुकान हाये, रविवारी दुपारी अर्धं शटर पाडून आमी तिथं बसतो. हर्षल म्हनून एक हाये, गनिताचे क्लास घेते, पुन्यात होस्टेलवर होता तं तिथून हा खेळ शिकून आला. पत्ते नाही, सोंगट्या नाही, कागद, फासे आन् नियमाचं एक पुस्तक. ज्यानं त्यानं आपला एक गडी कागदावर बनवाचा, मंग हर्षल गोष्ट सांगते, "समोर राक्षस आला, काय करता?" आपन सांगाचं काय करतो ते, आन् फासा टाकाचा. गडी मेला का कागद फाडाचा, नवा बनवाचा. माहा गडी कुऱ्हाडवाला, करिष्मा मेडिकल चालवते तिची जादूगारीन, आन् आमचा दोस्त राजकुमार, त्याचा ढालवाला. माही बायको म्हनते, "घोड्याएवढे झाले आन् कागदाचे राक्षस मारून राह्यले." म्हनो बापा, खोटं कुठी बोलते ते.

तं आंगठी सापडली राजकुमारच्या गड्याले. त्यानं त्या दोन ओळी वाचल्या आन् छाती फुगवून म्हने, "गोकुळ, आता मले काही होत नाही. तुमी सारे माह्या मांगं उभे राहत जा." राह्यलो आमी. पोळा झाला आन् खऱ्या राजकुमारले कावीळ झाली. कावीळच तं होती, कोनाले काय वाटते कावीळ म्हनल्यावर? दोन दिवस भाकर नको म्हने, मंग उठता येईना, मंग अकोल्याले नेला, आन् तिथून... आनला. लय वाईट झालं. अजूनही दुकानात त्याची खुर्ची कोनी सरकवत नाही.

तेरवी झाली, आन् पुढच्या रविवारी आमी बसलो. काऊन बसलो मले इचारू नका, घरी करमे ना म्हनून बसलो. हर्षलनं पुस्तक उघडलं तं गोष्टीत राक्षस उभाच होता, तो थोडी थांबते कोनासाठी! त्याची फुंकर लागली का गडी जळते, आंगठीवाला सोडून. करिष्मा खाली पाहूनच बोल्ली, "आंगठीचं काय कराचं?"

म्या म्हनलं, "दुसरी ओळ पाहा ना. मालक गेला, आंगठी आपल्याले येते."

हर्षल म्हनते, त्याचा तो मास्तरकीचा आवाज, "मालक म्हंजे कोन, गोकुळभाऊ? खेळनारा का कागदावरचा गडी? गडी तं जिता हाये. पयली ओळ वाचा."

"आबे, पन त्याले चालवाले कोन हाये?"

"कोनी नाही."

"मंग मेलाच ना तो."

"तुमी म्हना मेला, मी कागद फाडतो."

आता झाली ना पंचाईत. तुमाले सांगतो, खांदा देल्ला म्या त्याले, लाकडं रचली, शेवटपर्यंत उभा राह्यलो, पन त्या कागदाकडं पाहून मेला म्हनाले तोंडच उघडे ना. याचा अर्थ काय लावाचा?

मंग आमी जे केलं ते आयका, हसू नका. आपल्याकडं गेलेल्या मानसाची वस्तू घरच्याइले इचारल्याबिगर कोनी उचलत नाही, इळा असो का सायकल असो. तं आंगठी घ्याची म्हंजे इचारा लागन का नाही? गेलो तिघं शहाने राजकुमारच्या मायकडं, विमलकाकूकडं, जे आंगठी जगात कुठीच नाही तिची परवानगी मांगाले!

काकू आंगनात शेंगा फोडून राह्यली होती. म्या म्हनलं, "काकू, राजकुमारजवळ एक आंगठी होती..." बस, एवढंच आयकलं आन् काकू उठून घरात. पेटी खोलली, डबे उपसले, गादी उलटली. "मले नाही बोल्ला रे तो काही. सोन्याची का चांदीची? तुही होती का बाबू? तुही असन तं ठेवाची नाही मले." मले वाटलं जमीन फाटो. शेवटी करिष्मानं तिचा हात धरून खाली बसवलं आन् सारा खेळ सांगतला, गडी, राक्षस, कागद फाडनं, नवा बनवनं, त्या दोन ओळी. म्या म्हनलं आता ही बाई खराटा घेते. घ्याले पायजेच होता.

मंग काकू म्हने, "म्हंजे त्या खेळात माहा राजकुमार अजून जिता हाये?"

हर्षल म्हनला, "हाव, काकू."

"आन् तुमी आंगठी घेतली तं?"

"तं त्याचा कागद फाडा लागन," हर्षल म्हनला.

"मंग नका घेऊ रे," काकू म्हने, आन् शेंगा फोडाले लागली.

लागला अर्थ. आता काय होते, राजकुमारचा गडी बोटात आंगठी घालून तिथं उभा राह्यते. त्याले चालवाले कोनी नाही म्हनून तो लढत नाही, आन् आमाले आंगठी नाही म्हनून आमी जळतो. पयले करिष्मा गेली, मंग मी गेलो, मंग आमचे नवे गडी गेले. हर्षल म्हनते, नियमात बसते. बसते तं बसो.

आन् दर रविवारी संध्याकाळी काकूचा फोन येते. "काय रे गोकुळ, कसा हाये राजकुमार?"

म्या म्हनतो, "मजेत हाये काकू. आमी मेलो सारे."

काकू म्हनते, "असू दे बापा. तुमचे दुसरे बनवता येतात."

खरं हाये ते. बसलो मंग नवा बनवत.