माळ्यावरची गिऱ्हाइकं

बाबा: ...काच कोरायचं चाक झिजलं, म्हणून नवीन शोधायला माळ्यावर चढलो. तर तिथे तीन खोकी. सगळे मी कोरलेले ग्लास.

लेक: स्टुलावर चढून? पडला असतात म्हणजे?

बाबा: विषय बदलू नकोस. ही जाईची वेल त्या बँकेतल्या बाईंच्या मुलीच्या लग्नाची ना? बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तूच सांगितलंस.

लेक: त्या न्यायलाच आल्या नाहीत.

बाबा: आणि बोटीवरचे कॅप्टन? त्यांचं जहाज कोरण्यात माझे बारा दिवस गेले. तेही आले नाहीत? बोल ना, एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो.

लेक: कॅप्टन नव्हतेच, बाबा. बँकेतल्या बाईही नव्हत्या. सगळं मी रचलं.

बाबा: कधीपासून?

लेक: वर्ष होईल आता.

बाबा: वर्षभर बापाला थापा मारल्यास. मग दुकान कशावर चाललंय?

लेक: मशीनवर. फोटो घातला की दहा मिनिटांत कोरून मिळतं. लोकांना तेच हवंय.

बाबा: कॅप्टनची बायको वारली म्हणालीस, म्हणून मी जहाजाच्या कठड्याशी एक बाई कोरली. नखाएवढी, माझ्याच मनाने. त्यांना दिसली का, म्हणून तीनदा विचारलं तुला.

लेक: दिसली म्हणाले, असं सांगितलं मी. दुसरं काय सांगणार होते? आई गेल्यापासून तुम्ही कामाला बसता तेवढा वेळच माणसात असता. उरलेला दिवस नुसते भिंतीकडे बघत. मला बघवत नाही ते.

बाबा: शेवटचं खरं गिऱ्हाईक कोण?

लेक: हॉटेलवाला. त्याने सगळे ग्लास परत पाठवले. अक्षरं हललीत म्हणाला.

बाबा: हललीच होती. पॅक करतानाच दिसलं होतं मला. वाटलं, खपून जाईल.

लेक: मला बोलला नाहीत कधी.

बाबा: तू तरी कुठे बोललीस?

(लेक माळ्याखालचं स्टूल उचलून जागेवर ठेवते.)

बाबा: आज सकाळी एक पेला दिलास. बाळाचं नाव घालायचंय, संध्याकाळपर्यंत हवाच म्हणालीस. तो कुणाचा?

लेक: कुणाचाच नाही, बाबा.

बाबा: मग घाई नाही.