बाबांसाठी बोलणारा प्रोग्राम

तुमी इचारलं म्हणून सांगतो, माझा पहिला प्रोग्राम बाबांसाठी होता. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती. स्क्रीनवर 'पाणी', 'जेवण' अशी बटनं होती; बटन दाबलं की कंप्यूटर तो शब्द त्यांच्याऐवजी बोलायचा; पण बोलून होईस्तोवर विंडो गोठायची. बाबा घाईनं पुन्हा दाबायचे आन सगळंच हँग व्हायचं.

पुसेगावचा माझा दोस्त अझहर फोनवर म्हणाला, "आवाजाचं काम वेगळ्या थ्रेडवर टाक, म्हंजी ते बाजूला आपलं आपलं चालंल, मंग विंडो अडकणार न्हाई."

ते मला जमायच्या आधीच बाबा गेले.

तेरवी झाल्यावर एका दुपारी जमलं. बराबर चालतंय का पाहायला मी 'पाणी' दाबलं. आई सैपाकघरातून तांब्या घेऊन धावत आली आन रिकाम्या खाटेपाशी थबकली.

"काहून दाबलं रे?" एवढंच म्हणाली.