घडीचं भेदरं

...आणि कृपा करून हाताला काय झालं म्हणून विचारू नका! सकाळपासून अकरा जणांनी विचारलंय. चहावाल्यानं विचारलं, गेटवरच्या वॉचमननं विचारलं, आमच्या साहेबांनी तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "बद्रीनाथ, ये क्या बांधा है? साडी का टुकडा?" आता काय सांगायचं? साहेबांना सांगितलं मोच आली, चहावाल्याला सांगितलं मन्नत आहे, वॉचमनला सांगितलं दरवाजात सापडला. अन् ते तिघं दुपारी एकाच बाकड्यावर चहा प्यायला! खोटं बोलायचं तर माणसानं निदान एकच खोटं धरून बोलावं, तेवढीही अक्कल माझ्याजवळ उरली न्हाई. तुम्ही बाहेरगावचे, उद्या आपापल्या घरी जाल, म्हणून तुम्हाला सांगतो. खरं सांगतो. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, मधी नको.

तर मी बियाण्याच्या कंपनीत. जालना एमआयडीसी, फिल्डमन. काम काय, तर शेतकऱ्यांच्या प्लॉटवर जायचं अन् भेसळ काढायची. भेसळ म्हणजे दुधातली न्हाई हो! बियाण्याच्या प्लॉटमधी सगळी झाडं एका जातीची, एका अंगाची पाहिजेत. एखादं उंच दिसलं, एखादं आधी फुललं, एखाद्याचं पान रुंद निघालं की झाली ती भेसळ. उपटायची. मुळासकट. अन् तिथंच टाकायची न्हाई, प्लॉटच्या बाहेर नेऊन फेकायची. चौदा वर्षं हेच करून राह्यलो मी. चालत्या मोटारसायकलवरून सांगतो, तिसऱ्या ओळीत सातवं झाड, उपटा! बदनापूरकडं रायभानमामा म्हणून आहेत, त्यांच्या कापसात असंच एक झाड धरलं. माणूस रडकुंडीला आला. "साहेब, बोंडं तं बघा कशी लदलीत! ऱ्हाऊ द्या न एकच." मी म्हणलं, मामा, वेगळं आहे का न्हाई? आहे न? मंग उपटा! मला सांगता का? डोळा आहे मला, डोळा!

आता आत्याकडं येतो. आत्या म्हणजे गोजरबाई, आमच्या वडिलांची थोरली बहीण, कुंभार पिंपळगावला असते. पाचवी ते दहावी मी तिच्याच घरी राहून शिकलो. तिच्या परसात टमाटे. ती टमाटे म्हणत न्हाई, भेदरं म्हणते. शाळेतून आलो की चुलीतल्या आरावर एक भेदरं टाकायची, साल करपली की पाट्यावर लसूण, मीठ, मिरची, अन् भाकरीवर थापून हातात द्यायची. मी आता लग्नाकार्यात पंचपक्वान्नं खातो, पण त्या भाकरीवाणी काही... जाऊ द्या. जाऊ द्या, भाकरीतच गुंतलो तर सांगायचं राहून जाईल.

औंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही नवरा-बायको आत्याकडं गेल्तो. तिनं राखेच्या मडक्यातून तीन पुरचुंड्या काढल्या. म्हणली, "बद्री, आता माझ्याच्यानं वाकणं व्हत न्हाई. तुझ्या घरामागं जागा हाये म्हणतो. एक बी घेऊन जाय. एकच! तिन्ही नेशील अन् कालवाकालव करशील." पहिल्या पुरचुंडीत बोरभेदरं, बोराएवढं, घोसानं लागतं. दुसरीत पिवळं, आंबटढाण, वरणात टाकलं की चिंच नको. अन् तिसरीत घडीचं. घडीचं म्हणजे लुगड्याला निऱ्या असतात न, तशा अंगभर घड्या पडलेलं, चपटं, वेडंवाकडं, अख्ख्या वाफ्यात दोन फळं सारखी सापडायची न्हाईत.

आता निवडा! दुसऱ्याच्या शेतात चौदा वर्षं निवड करणारा माणूस मी, तीन पुरचुंड्यांपुढं दीड तास बसलो. कंपनीचा तपासणीचा कागद होता खिशात, त्याच्या मागच्या बाजूला रकाने पाडले. आकार, साल, उत्पादन, टिकाऊपणा, दहापैकी मार्क. उषाबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणली, "अहो, भेदरं निवडून राह्यले का जावई?" अन् तुम्हाला सांगतो, घडीचं साफ नापास झालं! चाळीसपैकी नऊ! आत्यानं विचारलं, "काय म्हणतो तुझा कागद?" म्हणलं, घडीचं नापास. "मंग काय घेतो?" म्हणलं, घडीचं. लाळ सुटली हो तोंडाला! लाळेला कोणता रकाना पाडणार?

आत्यानं ती पुरचुंडी हातात घेतली. म्हणली, "ते तेवढंच राह्यलं बरं का. मागल्या साली मडक्यात पाणी शिरलं, मूठभर व्हतं, चिमूटभर उरलं. निम्मं तू नेय, निम्मं मी लावते. अन् पहिलं चांगलं फळ धरलं की त्याला चिंधी बांध. चिंधीच्या फळाला घरातल्या कोणीच हात लावायचा न्हाई, ते बियाचं." मी काय म्हणालो असेन? तेच! आत्या, मला शिकवून राह्यली का? डोळा आहे मला, डोळा! तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणली, "हाये रे बाबा. म्हणून तं तुला दिलं."

घरामागं जिथं मोरीचं पाणी पडतं तिथं वाफा केला. ते मोरीचं पाणी ध्यानात ठेवा. मी ठेवलं न्हाई. बारा महिने आमची भांडी तिथंच धुतात, बाजारातल्या टमाट्याच्या बिया त्याच पाण्यानं वाहून त्याच मातीत जातात, हे शेंबड्या पोराला कळतं. मी मोजून पंचवीस बिया टाकल्या, अन् झाडं उगवली किती? एक्केचाळीस! पंचविसाला एक्केचाळीस! उगवणशक्ती शंभराच्या वर! चौदा वर्षांत कंपनीत असं बी पाह्यलं न्हाई, तर माझ्या डोक्यात शंका यायला पाहिजे होती का न्हाई? मी उषाबाईला काय सांगतो, "बघ, आत्याच्या हाताला कशी बरकत आहे!"

मंग एका रविवारी सकाळी चहा घेऊन वाफ्यापुढं उभा राह्यलो, तर बत्तीस झाडं एकसारखी, सरळ, नाकासमोर वाढणारी. अन् नऊ वेगळी. पान बटाट्यासारखं रुंद, खोडाला लव, अंग जमिनीवर टाकून इकडं एक फांदी, तिकडं एक फांदी. मी विचार केला का? बिलकुल न्हाई! हात आपोआप गेला हो. कप खाली ठेवायच्या आधी दोन उपटलीसुद्धा! उषाबाई मोरीतून वरडली, "अहो, आत्याला एकदा विचारा तरी!" मी म्हणलं, विचारायचं काय त्यात? बत्तीस एकीकडं अन् नऊ एकीकडं, भेसळ कोणती? डोळा आहे मला, डोळा! नऊच्या नऊ उपटली अन् कंपनीच्या नियमाप्रमाणं प्लॉटच्या बाहेर, म्हणजे भिंतीपलीकडं, फेकून दिली.

भिंतीपलीकडं झुंबरबाई राहतात. मूळचं धनगराचं घर, मेंढरं गेली, आता चार शेळ्या आहेत. आठ झाडं शेळ्यांनी जाग्यावर फस्त केली. नववं त्यांनी उचललं. "भाऊ, चांगलं हिरवंगार झाड फेकून राह्यले?" म्हणलं, वहिनी, भेसळ आहे ती. म्हणल्या, "असू द्या. जीव हाये त्याच्यात." अन् फुटक्या घागरीत लावायला बसल्या. तर मी काय करावं? स्टूल आणलं, भिंतीवर कोपर टेकले अन् शुद्ध बियाणं म्हणजे काय याच्यावर त्या बाईला अर्धा तास भाषण दिलं! त्या आपल्या "हो का... हो का..." म्हणत माती दाबत होत्या. आता आठवलं की वाटतं, ते स्टूल तेव्हाच मोडायला पाहिजे होतं.

पुढं टमाटे लागले. गोल, लालभडक, तुळतुळीत, सगळे एका मापाचे. उषाबाई म्हणली, "घड्या कुठं गेल्या?" म्हणलं, पाणी बदललं. शहरात आलं की माणसाच्यासुद्धा घड्या मोडतात. खाऊन पाह्यलं, अन् चव... चव म्हणजे, पाण्याला लाल रंग दिला तर कसं लागेल, तसं. उषाबाई म्हणली, "मला तं बाजारातल्यासारखंच लागून राह्यलं." मी म्हणलं, तुला जीभ न्हाई! असं म्हणलो हो मी! अन् पिशवी भरून कंपनीत नेले. साहेबांना दोन किलो दिले, शंभर टक्के गावरान, आमच्या आत्याच्या हातचं बी! साहेब म्हणले, "वा, क्या खुशबू है!" खुशबू कसली, पिशवीत माझा डबा होता, लोणचं सांडलं होतं.

मला तेव्हाच कळलं होतं का? खरं सांगायचं ठरलंय न? कळलं होतं. पहिल्या घासालाच कळलं होतं. पण चौदा वर्षांचा माणूस चुकतो हे मानायचं कसं?

दिवाळी झाली अन् आत्याच्या शेजारचा कचरू निरोप घेऊन आला. "आत्याच्या वाफ्यात कोंबड्या शिरल्या, रोपं पार उकरली, एक बी न्हाई राह्यलं. पण आत्या म्हणली, घोर न्हाई. बद्रीकडं हाये. त्याला डोळा हाये." कचरूला चहा पाजून वाटेला लावलं. तो गेल्यावर मी जालन्याचा अख्खा भाजीबाजार पालथा घातला, वेडंवाकडं, घड्यांचं टमाटं आहे का? एक बाई म्हणली, "भाऊ, लोकं चांगला माल मागतात, तुम्ही वंगाळ मागून राह्यले!" उषाबाई म्हणली, "सांगून टाका आत्याला." म्हणलं, सांगतो. सांगितलं का? न्हाई.

अन् काल आत्या आली. पंच्याहत्तरीची बाई, यष्टीनं, मधी एकदा बदलून, बी न्यायला. पाणीसुद्धा प्याली न्हाई, सरळ घरामागं. वाफ्याजवळ बसली, एक पान चुरगाळलं, वास घेतला. "बद्री, हे कोणाचे रे?" म्हणलं, आपलेच. "न्हाई बाबा, आपलं पान रुंद असतं." मंग माझ्याकडं न पाहता म्हणली, "आपले उगवलेच न्हाई का?" बघा, खरं बोलायला केवढी जागा करून दिली होती तिनं! अन् मी काय बोललो? तोंड झडलं का न्हाई माझं? म्हणलो, "न्हाई उगवले आत्या. बी लई जुनं होतं."

तिची मान खाली गेली. म्हणली, "असंल. माझंच चुकलं. ओलं झाल्तं न ते. मीच नीट ठिवलं न्हाई."

मला त्या वेळेस धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे नास केला मी अन् दोष त्या म्हातारीच्या मडक्याला! सांगावं म्हणून तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं, अन् तेवढ्यात भिंतीवरून आवाज, "भाऊ, तुमची भेसळ पिकली बरं का! नेता का एखादी?" झुंबरबाई! अन् हातात हे एवढं, लालभडक, निऱ्यानिऱ्यांचं, वेडंवाकडं घडीचं भेदरं!

आत्यानं भेदऱ्याकडं पाह्यलं. मंग माझ्याकडं पाह्यलं. अन् झुंबरबाई भोळी बाई हो, तिनं सगळं सांगितलं, नऊ झाडं कशी उपटली, शेळ्या कशा खुश झाल्या, मी स्टुलावर उभा राहून काय काय बोललो... माझा आवाज काढून सांगितलं! आत्या शिव्या देईल म्हणून मी खालमानेनं उभा. दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं एकच विचारलं, "मंग बी जुनं न्हवतं न?" म्हणलं, न्हाई आत्या. बी चांगलं होतं. अन् तुम्हाला सांगतो, ती हसली. मी एवढं खोटं बोललो ते तिच्या ध्यानातच न्हाई, आपलं बी चांगलं होतं म्हणून हसली! त्या हसण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलीकडं गेली, घागरीपुढं बसली, एकेक फळ हातावर तोललं, एक पसंत केलं. जुन्या लुगड्याचा काठ फाडला, फळाच्या देठाला चिंधी बांधली. झुंबरबाईला म्हणली, "निम्मं बी तुझं, निम्मं माझं." माझं नाव न्हाई. चिंधी थोडी उरली होती. म्हणली, "बद्री, इकडं ये. उजवा हात." अन् ही अशी, मनगटाला, दोन गाठी मारून! "ते बी वाळून मडक्यात जाईपर्यंत सोडायची न्हाई. चिंधी फळाला बांधायची रीत, पण तुझ्या हाताला बांधलेली बरी."

तर असं आहे. अन् आज सकाळी ड्यूटी कुठं? रायभानमामांच्या प्लॉटवर! बांधावरून पाह्यलं, पाचव्या ओळीत एक झाड वेगळं. बराबर वेगळं. हात उचलला, अन् चिंधी डोळ्यापुढं आली. उभाच राह्यलो. मामांनी विचारलं, "साहेब, हाताला काय झालं?" हे अकरावे. अन् पहिल्यांदा खरं बोललो. म्हणलं, "मामा, भेसळ निघाली."

"कोणाच्या प्लॉटात?"

"आमच्याच घरात."

मामांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाह्यलं. म्हणले, "मंग उपटली का न्हाई?"

म्हणलं, "न्हाई मामा. आत्यानं राहू दिली. शेजारच्या वहिनी म्हणतात न, असू द्या. जीव हाये त्याच्यात."