दुर्गाताईंची अकरा आवर्तनं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एवढंच सांगा. आपण म्हणतो, देव हाकेला ओ देत नाही. पण त्यानं ओ दिली, आणि आपणच ऐकली नाही, तर? दोष कुणाचा? नुसत्या माना नका हलवू, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका!

देवरुखात दुर्गाताई पेठकर राहायच्या. शाळेतल्या बाई, आता निवृत्त. घरात त्या आणि थोरले भाऊ नरहरीआप्पा. आप्पांचा नेम कसा? पोथीचा अध्याय झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही! आप्पांचे डोळे गेले, तेव्हापासून ताई वाचायच्या, आप्पा ऐकायचे. आणि आता ताईंच्याच घशाचं ऑपरेशन ठरलं — उद्या सकाळी! डॉक्टर म्हणाले, "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही."

मग आप्पा महिनाभर उपाशी? कुणी म्हणेल, शेजारी नाहीत का? आहेत हो! पण रोज बाराच्या ठोक्याला न चुकता येणारा शेजारी दाखवा, मी इथून उतरून त्याच्या पाया पडतो!

ताई मात्र हार मानणाऱ्या नव्हेत. साठीनंतर क्लास लावून पायथन शिकत होत्या — घाबरू नका, ती संगणकाची भाषा आहे, चावत नाही! त्यांनी छोटा प्रोग्राम लिहिला. संगणकानंच अध्याय मोठ्यानं वाचायचा! आणि परीक्षा आजच, आजचा अध्याय त्याच्याच तोंडून! त्याला एक पॅकेज लागतं. पॅकेज म्हणजे काय? दुसऱ्या कुणी आधीच करून ठेवलेलं काम, ते नेटवरून आपल्या संगणकात उतरवून घ्यायचं.

ताईंनी उतरवलं. प्रोग्राम चालवला. लाल अक्षरं! 'पॅकेज सापडत नाही.' पुन्हा उतरवायला गेल्या, तर संगणक म्हणतो, 'आहे की!' प्रोग्राम चालवला — 'नाही!'

आता ताईंनी काय केलं असेल? तुम्ही-आम्ही करतो तेच! उदबत्ती लावली, आणि तीच आज्ञा अकरा वेळा दिली! अकरा आवर्तनं, मंडळी! फळ? अकरा वेळा तीच लाल अक्षरं! तिकडे आप्पा पाटावर, पानातला भात निवलेला. ताईंच्या डोळ्यांना पाणी आलं.

"दुर्गे, तो म्हणतोय तरी काय?"

"काय म्हणणार! एरर म्हणतोय!"

"ते तू म्हणतेस. तो काय म्हणतो ते वाच. पोथी वाचतेस तशी, पहिल्या ओळीपासून. ओवी गाळायची नाही."

ताईंनी दुखऱ्या घशानं वाचायला घेतलं. उतरवतानाचं वाचलं, चालवतानाचं वाचलं. पत्ते, आकडे, सगळं. आप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"थांब! मघाशी पायथनपुढे बारा म्हणालीस. आता नऊ?"

ताई चपापल्या. खरंच की! त्या संगणकात एक सोडून दोन पायथन! जुना नऊ नंबरच्या आवृत्तीचा, क्लासनं घातलेला नवा बाराचा. पॅकेज बाराच्या घरी, प्रोग्राम नऊच्या घरी! पान मांडलं माजघरात, आणि पाहुणा परसदारी! संगणक दोन्ही वेळा खरंच बोलत होता हो!

ताईंनी प्रोग्राम चालवणाऱ्या पायथनलाच सांगितलं, "पॅकेज तूच आण." आणि काय सांगू! ओळींमागून ओळी धावल्या. एका पॅकेजला दुसरं हवं, दुसऱ्याला तिसरं! कुठल्या देशातल्या कुणी लिहिलेली? ठाऊक नाही! दाम? छदाम नाही! ज्यांना देवरुख कुठे आहे हे माहीत नाही, त्यांचे हात आप्पांच्या पानापर्यंत पोचले. माझ्या अंगावर आत्ता काटा आहे, बघा!

आणि संगणक बोलला! आवाज परका, उच्चार अडखळते, पण अध्याय तोच! आप्पांनी हात जोडले. अध्याय संपला, तेव्हा म्हणाले, "दुर्गे, वाढ. आणि उद्यापासून खुशाल गप्प बस."

आता तुमच्याकडे वळतो! घरी कुणी रोज तेच तेच सांगतं, आणि तुम्ही म्हणता, "झाली हिची कटकट सुरू!" ते तुम्ही म्हणता, मंडळी. ती काय म्हणते? आज घरी जा, समोर बसा, आणि पहिल्या ओळीपासून ऐका. ओवी गाळायची नाही!