कागदी रुमालांचा खोका

कॅनडातल्या मिशनच्या वसतिशाळांत आदिवासी मुलांचा जो छळ झाला, त्याच्या चौकशी आयोगाच्या दालनाबाहेर मी बसलो होतो. माझी बायको ऑड्री अशाच एका वसतिशाळेत वाढली. साक्ष द्यायच्या आधीच ती वारली, म्हणून ऐकायला मी आलो. शेजारी क्री जमातीच्या दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. धाकटीने मोठीच्या हातात कागदी रुमालांचा खोका दिला.

"घे, डेल्फीनताई. डोळे पुसलेस की रुमाल या पिशवीत टाक. संध्याकाळी बाहेरच्या पवित्र अग्नीत सगळ्यांची आसवं एकत्र जाळणार आहेत."

"माझी धरू नकोस त्यात. मी रडणार नाही."

"अगं, इथे सगळेच रडतात. लाज कसली?"

"लाज नाही गं. फादर पट्ट्याने मारायचे आणि म्हणायचे, रडलीस की सोडतो. तेव्हा एवढीशी होते, तरी रडले नाही. आता म्हातारपणी फुकट रडू?"

"मग त्यांचं नाव तरी घेऊ नकोस. बिशपसाहेब आत पहिल्याच रांगेत बसलेत."

"म्हणून तर घेणार. आडनावासकट."

"अगदी आईवर गेलीयस."

"कुणीतरी जायला हवंच होतं."

दार उघडलं आणि आतून डेल्फीनचं नाव पुकारलं. ती उठली.

"व्हर्ना, हा खोका बिशपसाहेबांच्या मांडीवर नेऊन ठेव. पिशवीही दे."