रुमालाची दोन टोकं

ऐका, दवाखान्याच्या बाकावर कानी पडलेलं एक नवल सांगतो. धाप लागलेला दीर आणि त्याची वहिनी नंबराची वाट बघत होते.

"भावोजी, उद्या कुंपणाची झुडपं खालून छाटणार म्हणे?"

"माळ्याला सांगितलंय. बुंधे मोकळे असले की नीटनेटकं दिसतं."

"आणि गाड्यांचा धूर? तो खालूनच घुसतो ना? सकाळी मी पानं पुसली. रुमालाचं हे टोक रस्त्याकडचं."

"काजळच की हो."

"हे आपल्या खिडकीकडचं, पांढरंच."

"पुसलंत ना नक्की?"

"तुमची शपथ."

"मधे अंतर केवढं?"

"हातभर."

भावोजी धाप विसरून दोन्ही टोकं बघत राहिले.

"वहिनी, एवढं सगळं ती मुकाट गिळतात?"

"आणि तुम्ही निघालात त्यांचे पाय तोडायला."

"माळ्याला फोन लावा. कात्री घरी ठेव म्हणावं, पानं धुवायला ये."

तर मंडळी, फोन वाजला तो माझ्याच खिशात; लांब नळी असेल कुणाकडे, तर उद्यापुरती द्या.