कप खाली ठेवेपर्यंत

हॅलो?… थांब थांब, मशीन बंद करते, काही ऐकू येत नाहीये… हां, बोल आता. आज इतक्या लवकर कसा फोन? लाँड्रीत जेवणाची सुट्टी झाली का?… शाळेत? तू शाळेत कशाला गेली होतीस?

…अच्छा. लागली का नोटीस.

नाही गं, मला माहीतच नव्हतं असं नाही… म्हणजे… अगं ओरडू नकोस! कानाला लावलाय फोन.

हो. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर जाणार होता… गेला? सोमवारपासून? मला वाटलं, सुट्टीनंतर नेतील. इतकी कसली घाई झाली होती मेल्यांना!

हो, हो… अगं ऐक ना. ऐकून तर घे. मला काय बिट्टीची काळजी नाही? सख्खी भाची आहे माझी. तिच्या पहिल्या कुबड्यांना बगलेत टोचू नये म्हणून गादी कोणी शिवली होती?… बरं बाई, नाही काढत. उपकार नव्हते ते.

ठाऊक आहे मला. त्या एकाच कामासाठी पाठवलंत मला शाळेच्या कमिटीवर. बिट्टीचा वर्ग खालीच राहू दे, एवढं एकच. तू ड्यूटी करून आल्यावर दारोदार हिंडलीस. 'माझ्या ताईला निवडून द्या, तिचं तोंड तिच्या मशीनपेक्षा जोरात चालतं.' सगळं आठवतंय. मला काय विसरायचा रोग झालाय?

मग काय झालं म्हणजे? मीटिंग झाली. तुला वाटतं मीटिंग म्हणजे कोर्ट आहे, हा बोलला, तो बोलला… तसं नसतं गं. गेल्या गेल्या रजिस्टर पुढे करतात. वर तारीख, खाली कोरं पान, आणि त्याच्या तळाशी सह्या. सह्या आधी, बोलणं नंतर… हो, कोऱ्या पानावर. सगळेच करतात. हेडमास्तर म्हणतात, शेवटी सगळ्यांना घरी जायची घाई असते, सह्या राहून जातात.

मग बसायचं. आठ खुर्च्या. सात पुरुष आणि मी. आणि बूड टेकलं नाही तोच, 'ताई, जरा चहाचं बघता का?'… शिपाईमामा आहेत की! पण त्यांच्या हातचा चहा अध्यक्षांना पांचट लागतो म्हणे. त्या टाइल्सवाल्यांना. घरी कधी स्वतःचा पेला विसळला नसेल, पण चव मात्र कळते.

तेच तर सांगतेय. मी होते आत, चहा गाळत. इकडे पटापट विषय उरकले. आले आणि बघते तर ठराव झालेला… मग? आता मी आतून ओरडणार होते का?

कॉम्प्युटर बसवणार त्या खोलीत. टाइल्सवाल्यांनी फरशी फुकट घालून दिली ना, चकाचक. मग इतक्या छान फरशीवर मुलं कशी बसवणार? कॉम्प्युटर बसवायचे… अगं हो, कॉम्प्युटर उचलून वर नेता येतात. एवढं मलाही कळतं. मला काय सांगतेस? त्यांना सांग.

काय?… काय लिहिलंय? फोटो काढून आणलास नोटिशीचा? बरं केलंस… वाच. हं. 'सर्वानुमते'. हं. सूचक, टाइल्सवाले. बरोबर… पुढे?

…

ऐकलं मी. परत वाचू नकोस.

अगं, ते तसंच घालतात. अनुमोदक म्हणून बाईचं नाव असलं की ठराव जरा शोभून दिसतो. हेडमास्तरांची सवयच आहे ती… मी कुठे अनुमोदन दिलं? चहा गाळत होते म्हटलं ना!

कोण आहे?… एक मिनिट गं, गिऱ्हाईक आलंय. हो काका, पँट संध्याकाळी. हो, अर्धा इंच. अहो, सांगितलं ना संध्याकाळी!… हां, बोल.

आत्ता जाऊ? जाऊन काय सांगू हेडमास्तरांना? 'माझं नाव खोडा'? ते म्हणतील, सही तुमचीच ना ताई?… पुढची मीटिंग तीन महिन्यांनी. तेव्हा विषय काढते की. नक्की काढते. शपथ… अगं तीन महिने म्हणजे काय फार नाही. कुणीतरी धरून नेईल तिला वर. वर्गात पोरं काय कमी आहेत?

का नाही?… ती नाही धरू देत? अशी कशी नाही धरू देत?

…म्हणजे कशी चढते मग?

बसून?

…

उलटी? एकेक पायरी?… अगं, बावीस पायऱ्या आहेत त्या! मोजल्यात मी. आणि कुबड्या?… मागून मैत्रीण घेऊन येते. आणि दप्तर पोटाशी. आणि बाकीची पोरं?… थांबतात होय. खाली रांग लावून थांबतात, ती वर पोचेपर्यंत.

स्कर्ट? आत्ताच तर शिवला, नवा आहे… मागून? चार दिवसांत?… हो. घासून घासून जाणारच. सिमेंटच्या पायऱ्या आहेत. खालीच तेवढ्या टाइल्स.

मी रडत नाहीये. तू सांग.

…काय म्हणाली ती?… मास्तरांना म्हणाली? सगळ्यांसमोर?… 'माझी मावशी कमिटीवर आहे, तिला अजून कळलं नसेल.'

…

आहे. आहे मी फोनवर.

ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्यानं सांगवणार नाही. मी आत नव्हते. चहा गाळून झाला होता. ट्रे घेऊन मी बाहेर आले, तेव्हाच विषय निघाला. सगळं ऐकलं मी. पाचवी वर, कॉम्प्युटर खाली. म्हटलं, आता बोलायचं. पण हातात ट्रे. आठ कप, काठोकाठ. म्हटलं, कप खाली ठेवते आणि बोलते. पहिला अध्यक्षांना दिला. तेवढ्यात ते म्हणाले, 'अनुमोदन कोण देतंय? ताई, तुम्हीच द्या की.' सगळे बघायला लागले माझ्याकडे. हसत होते, चांगलं हसत होते गं, वाईट नाही. आणि मी…

मी 'बरं' म्हणाले.

बस. 'बरं', एवढंच. आणि दुसरा कप दिला. शेवटचा कप खाली ठेवेपर्यंत ठराव लिहूनसुद्धा झाला होता.

…माहीत नाही गं का. तीस वर्षं या तोंडानं गिऱ्हाइकांना वठणीवर आणलंय मी. पण ते सगळे बसलेले, आणि मी उभी, चहा घेऊन. त्या अवस्थेत 'नाही' म्हणणं जमलंच नाही. आणि घरी येताना मनात काय होतं, सांगू? चहाचं सगळ्यांनी कौतुक केलं, ते. लाज वाटते मला. आता वाटते.

…हॅलो? आहेस ना?… बोल काहीतरी. शिव्या दे हव्या तर.

हं… हं.

बरं, स्कर्ट तरी पाठव. नको, मीच येते न्यायला, संध्याकाळी दुकान बंद केलं की…

का?

दुसऱ्या शिंप्याकडे?… अगं, त्याला कुठे मिळणार तसलं कापड! माझ्याकडे उरलंय ना त्याच थानातलं, रंगाला रंग जुळेल. कुणाला दिसणारसुद्धा नाही. मागून दुहेरी लावते, आतून मऊ अस्तर घालते, टोचणार नाही तिला… आणि हे बघ, तिला एवढ्यात सांगू नकोस हं. मावशीला अजून कळलं नाही, असंच… हॅलो?

हॅलो?…